ब्रेकबाईंची लाल गाडी

मित्रांनो, मला मागची सीट नाही. ओळख तिथूनच करून देते, कारण माझ्या आयुष्यातली निम्मी सुखदुःखे त्या नसलेल्या सीटमुळेच घडली. मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. रंगाने लाल, उंचीने बुटकी आणि स्वभावाने, खरे सांगायचे तर, थोडी गर्विष्ठ. दोन दारे, दोन सीट आणि जमिनीला जवळजवळ टेकलेले पोट. समोर गतिरोधक दिसला की अजूनही त्या पोटात गोळा येतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. बाकीच्या गाड्या तिथून भराभर तयार होऊन बाहेर पडत. मला मात्र वेळ लागला. रंगाचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा आणि मग पुन्हा दुसरा हात. शेवटचा हात वाळल्यावर रंगाऱ्याने माझ्या दारात स्वतःचा चेहरा पाहिला, केस नीट केले आणि मगच मला पुढे पाठवले. त्या दिवशी मी जी फुशारले ती फुशारलेच.

मला विकत घेतले ते एका तरुण दातांच्या डॉक्टरांनी. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावून ते कंटाळून जात आणि संध्याकाळी माझ्यात येऊन बसले की शीळ घालू लागत. गावाबाहेर डोंगराचा रस्ता होता. त्याच्या वळणांवर त्यांची शीळ आणि माझे इंजिन यांचा सूर बरोबर जुळायचा. सिग्नलला थांबलो की शाळेतली मुले काचेला नाक लावून आत बघत. डॉक्टर त्यांना हॉर्न वाजवू देत. मी तेव्हा कोणालाच काही समजत नसे. शेजारी उभ्या राहिलेल्या साध्या गाड्यांकडे मी ढुंकूनही पाहिले नाही.

पुढे डॉक्टरांचे लग्न झाले. दोघांना मी पुरत होते. मग त्यांना जुळ्या मुली झाल्या. घरात पाळणे आले, दुधाच्या बाटल्या आल्या आणि अंगणात एक मोठी, पोटभर जागेची गाडी आली. मला कोणी टाकून दिले नाही. असे टाकणे एकदम कधी होतच नाही, मित्रांनो. आधी मी रोजची गाडी होते, ती रविवारची झाले. मग पाहुण्यांना दाखवायची झाले. आणि शेवटी 'एकदा नीट करून घेऊ' अशी गाडी झाले.

अंगणाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्यावर कव्हर घातले गेले. टायरमधली हवा गेली. बॅटरी उतरली. एका उंदरिणीने डाव्या सीटचा कापूस उपसून तिथे बाळंतपण उरकले. कव्हर सरकले की बॉनेटवर धूळ साचे आणि त्या धुळीत डॉक्टरांची एक लेक बोटाने स्वतःचे नाव लिहून जाई. मला त्याचे फार बरे वाटे. तेवढाच माणसाचा हात लागायचा. मग ती मोठी झाली आणि तेही थांबले.

डॉक्टर अधूनमधून यायचे. कव्हर उचलायचे, म्हणायचे, "पुढच्या उन्हाळ्यात तुला ठीकठाक करतो हं." ते मनापासून बोलत, त्यामुळे मी दर वेळी आशेवर राही. कितीतरी उन्हाळे आले आणि गेले. एक दिवस त्यांनी कव्हर उचलले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. दवाखाना त्यांनी बंद केला होता. लोकांच्या तोंडात अवजार धरायला जो हात चालत नाही तो स्टिअरिंगलाही चालत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"बाबा, आता विकून टाका," लेक म्हणाली. गॅरेजवाल्याने येऊन मला कसेबसे सुरू केले आणि गिऱ्हाइके येऊ लागली. एका तरुणाने माझ्या दाराला टेकून स्वतःचे ढीगभर फोटो काढले आणि "सांगतो" म्हणून जो गेला तो गेलाच. मग भंगारवाला आला. त्याने माझ्या दारावर टकटक केले आणि माझे वजन किती भरेल एवढेच विचारले. "आणखी एक बाई बघायला येणार आहेत," डॉक्टर त्याला म्हणाले. "त्यांना नको असेल तर सोमवारी घेऊन जा."

ज्या बाई येणार होत्या त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. त्या मोटार चालवायला शिकवायच्या. शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. बाईंचे सारे आयुष्य त्या डाव्या सीटवर, त्या ब्रेकवर पाय ठेवून गेले होते. "ब्रेक!" असा त्यांचा आवाज अर्ध्या गावाच्या कानात बसला होता. हे ऐकून मी कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत. शिकाऊ गाड्यांची मास्तरीण आणि मी! एकीकडे भंगार, दुसरीकडे गोगलगाय.

मी थंड असले की सुरू होताना खोकते आणि निळा धूर सोडते. म्हणून लेकीच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी बाई येण्याआधीच मला सुरू करून, तापवून, बंद करून ठेवले. ब्रेकबाई आल्या. मागोमाग त्यांचे यजमान आले. ते शिंपी होते, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिली होती आणि चेहऱ्यावर स्पष्ट नापसंती होती. बाईंनी माझा रंग पाहिला नाही, चाके पाहिली नाहीत. आधी बॉनेटवर तळहात ठेवला.

"डॉक्टर, गाडी गरम आहे."

डॉक्टरांचे तोंड एवढेसे झाले. "हो. जरा चालू करून ठेवली होती मघाशी."

"मग मी उद्या येते," बाई शांतपणे म्हणाल्या. "थंड असताना बघू दे मला."

दुसऱ्या दिवशी मला कोणी हात लावला नाही. बाईंनी किल्ली फिरवली आणि मी जेवढे खोकायचे तेवढे खोकले. सगळे अंगण निळे झाले. आता डॉक्टर आपण होऊनच बोलू लागले. रेडिएटर गळतो. ब्रेक खोल जातो. डाव्या बाजूला तळाचा पत्रा गंजलाय, चटई उचलून बघा. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण डॉक्टरांचा आवाज मात्र मोकळा झाला होता, फार दिवसांनी.

गॅरेजवाल्याने मला हळूहळू गल्लीतून फिरवले. बाई डावीकडे बसल्या होत्या. कोपरा आला, आणि त्यांचा पाय आपोआप माझ्या चटईवर दाबला गेला.

"बाई, तिथे काही नाहीये," गॅरेजवाला हसला.

"मला माहितीये. पायाला कोण सांगणार?"

परत आल्यावर त्याने हात पुसत सरळ सांगितले, "निदान वर्ष लागेल. काही पार्ट तर शोधावेच लागतील, मिळाले तर मिळाले. मी असतो तर नसती घेतली."

"ऐकलंस?" यजमान म्हणाले. "चल आता घरी."

बाई मात्र हलल्या नाहीत. "डॉक्टर, तुम्ही गाडीचं सगळं सांगितलंत. आता माझंही ऐका."

"अगं, ते इथे कशाला?"

"त्यांची गाडी आहे. कोणाच्या हातात देतोय ते त्यांना कळायला नको?" बाई डॉक्टरांकडे वळल्या. "मला काचबिंदू आहे. समोरचं लख्ख दिसतं, कडेचं हळूहळू कमी होत जाणार. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात अजून चालवायला हरकत नाही, पण किती दिवस ते त्यांनाही सांगता येत नाही. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं. त्याच चार रस्त्यांवरून, त्यांच्या वेगाने. एकदा तरी उजवीकडे बसून, दुसऱ्या कोणाची काळजी न करता, त्या डोंगरावर जायचंय. पण गाडीला वर्ष लागणार, आणि माझ्याकडे वर्ष आहे की नाही कोणास ठाऊक. म्हणून विचारात पडलेय."

मित्रांनो, मी आयुष्यभर स्वतःचाच विचार केला होता. त्या क्षणी पहिल्यांदा मला भंगारवाल्याचा विसर पडला. वाटले, आपण थोड्या बऱ्या अवस्थेत असायला हवे होते. या बाईंसाठी तरी.

डॉक्टरांनी आपले दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. "मी दरवर्षी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात नीट करू. गाडी थांबली माझ्यासाठी. हात नाही थांबले." एवढे बोलून ते पायरीवर बसले. घ्या म्हणाले नाहीत, घेऊ नका असेही म्हणाले नाहीत.

यजमान इतका वेळ माझ्या डाव्या दाराशी उभे होते. उंदरिणीने फाडलेली सीट त्यांनी बोटाने चाचपली. "काय ही शिवण," ते पुटपुटले. "सरळ घातलेलीच नव्हती कधी." मग त्यांनी गळ्यातली टेप काढली, आत वाकले आणि सीटची रुंदी मोजली. नंतर पाठ मोजली. नंतर दुसऱ्या बाजूला जाऊन दुसरी सीट मोजली. ब्रेकबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. कापड कापायचेच नसेल तर शिंपी माप कशाला घेईल? माझा जीव भांड्यात पडला.

पण यजमानांना वाटले तेवढ्यावर भागणार नव्हते. "तुम्हाला गाडी शिकावी लागेल," बाईंनी घरी जातानाच बजावले. "मी थांबेन त्या दिवशी गाडी थांबायला नको."

गॅरेजमध्ये मी पुरी उघडली गेले. गंजका पत्रा कापून नवा जोडला. ब्रेकचा एक भाग मिळता मिळेना, मिळाला तो चुकीचा, बदलून आणला तोही चुकीचा. गॅरेजवाल्याच्या नाकी नऊ आले. बाई रोज येत, काही न बोलता बघत आणि जात. कधी एक डोळा झाकून माझ्याकडे पाहत, मग दुसरा. काय तपासतात ते मला कळे आणि मी मनातल्या मनात गॅरेजवाल्याला घाई करी. इकडे शिकवणीच्या गाडीत यजमानांचे धडे चालू होते. क्लच सोडताना ते सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरून ठेवत आणि गाडी बंद पाडत. "अहो, श्वास घ्या! गाडीला नाही लागत, तुम्हाला लागतो!" बाई ओरडत. त्यांचा इतका मठ्ठ विद्यार्थी दुसरा झाला नाही, असे त्या चारचौघांत सांगत.

वर्ष उलटून गेल्यावर मी बाहेर पडले. नव्या सीट, सरळ शिवण, घासूनपुसून लाल. बाई उजवीकडे बसल्या, पाय पेडलवर ठेवले आणि आम्ही डोंगराच्या रस्त्याला लागलो. गोगलगाय म्हणाले होते ना मी? मित्रांनो, मी शब्द मागे घेते. बाईंना रस्ता वाचता येत होता. वळण यायच्या आधी त्यांचा हात ते ओळखे. मी इतकी छान कधीच पळाले नव्हते, डॉक्टरांच्या तरुणपणीसुद्धा नाही. एकदा त्यांनी डॉक्टरांनाही शेजारी बसवून नेले. तिसऱ्या वळणावर डॉक्टरांनी शीळ घातली. सूर थोडा हलला, पण शीळ तीच होती.

असा एक उन्हाळा गेला आणि थंडीही बरीचशी गेली. मग एका सकाळी आम्ही तिघे, म्हणजे बाई, यजमान आणि मी, बाजाराच्या रस्त्याने चाललो होतो. डाव्या गल्लीतून एक मुलगी सायकलवर आली. ती मला दिसली. यजमानांना दिसली. बाईंना दिसली नाही.

"ब्रेक!" यजमान ओरडले.

मी जागच्या जागी थांबले. नवे ब्रेक उपयोगी पडले. मुलीला कळलेसुद्धा नाही. ती घंटी वाजवत पुढे निघून गेली. जन्मभर दुसऱ्यांना ब्रेक म्हणणाऱ्या बाईंना पहिल्यांदाच कोणीतरी ब्रेक म्हणाले होते. त्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. मग त्यांनी मला कडेला घेतले, किल्ली काढली, दार उघडले आणि माझ्या पुढून चालत डाव्या बाजूला आल्या. जाताना बॉनेटवर तळहात ठेवला, पहिल्या दिवशी ठेवला होता तसा.

"सरका," त्या यजमानांना म्हणाल्या. "आता तुम्ही."

"अगं, आज नको. सवय व्हायला..."

"श्वास घ्या आणि क्लच दाबा."

त्या दिवसानंतर त्या कधीच उजवीकडे बसल्या नाहीत. मला वाईट वाटले, खूप वाटले. पण एकच उन्हाळा का होईना, तो आमचा झाला होता. तो पत्र्याच्या शेडमध्ये कव्हरखाली गेला नाही. म्हणून तुम्हाला एकच सांगते, मित्रांनो. तुमच्या घरात कोपऱ्यात झाकून ठेवलेले काही असेल, सायकल असेल, पेटी असेल, शिवणयंत्र असेल, तर 'एकदा नीट करून घेऊ' म्हणू नका. आजच कव्हर काढा. वस्तू वाट बघतात. पण ज्या हातांनी आणि डोळ्यांनी त्या वापरायच्या, त्यांना वाट बघता येत नाही.

आता मला यजमान चालवतात. जपून, पण बरे चालवतात. माझ्या डाव्या बाजूच्या चटईवर एक जागा झिजून भोक पडले होते. त्यांनी नवी चटई आणली नाही. तिथे चामड्याचा एक तुकडा शिवून दिला, बाईंच्या पायाच्या मापाचा. तिथे ब्रेक नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. पण कोपरा आला की बाईंचा पाय त्या चामड्यावर दाबला जातो, यजमानांना तो कडेने दिसतो, आणि मी थांबते.