मावशींची झडती

नोंदणी कचेरीच्या दारात एक लोखंडी चौकट उभी होती. अंगावर धातूचं काही घेऊन कुणी तिच्यातून गेलं की ती कोकलायची. बायकांवर कोकलली की त्यांना बाजूच्या पडद्याआड नेऊन झडती घ्यायची, हे काम मावशी बावीस वर्षं करत होत्या. पुरुषांच्या झडतीला सध्या लंबू नावाचा पोरगा होता. त्या जागेवरचे पुरुष बदलत गेले, मावशी एकट्याच राहिल्या, कारण बायकांच्या झडतीला दुसरी बाई द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मावशींच्या गणवेशाची बटणं प्लास्टिकची, पट्टा कापडी, बूट कॅनव्हासचे. कामावर हातात, गळ्यात, कानात काही घालायचं नाही असा नियम होता आणि मावशी नियमाला पक्क्या. रोज त्या चौकटीतून आत-बाहेर करायच्या, पण चौकटीने त्यांच्यासाठी कधी हूं की चूं केलं नाही.

एका मंगळवारी कसलासा दाखला न्यायला एक मुलगी आली. चेहऱ्यावर पाच रिंगा. चौकट अशी ओरडली की जिन्यावरचे लोक मागे वळून बघायला लागले. मावशींनी तिला पडद्याआड नेलं, पाचही रिंगा मोजल्या, खिसे बघितले, बाह्या चाचपल्या. मुलगी शांतपणे हात पसरून उभी होती. मध्येच तिने विचारलं, "मावशी, तुम्ही येता तेव्हा हे यंत्र किती ओरडतं?"

"मला नाही ओरडत."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"अरेरे," मुलगी म्हणाली. कुणाच्या घरात काहीतरी वाईट घडल्याचं कळावं तसं म्हणाली, आणि दाखला घेऊन निघून गेली.

ते 'अरेरे' मावशींच्या डोक्यातून जाईना. भाजी चिरताना, बसची वाट बघताना, पडद्याआड कुणाची पर्स उपसताना. दिवसभरात कुणाकुणावर ते यंत्र बोलतं. केसातल्या पिनेवर बोलतं, चष्म्याच्या डबीवर बोलतं. आपल्या वेळी तेवढं, नुसता वारा गेल्यासारखं, गप्प राहतं. बुधवारी त्यांना वाईट वाटलं, गुरुवारी राग आला, आणि शनिवारी सुट्टी झाल्यावर त्या नाक-कान टोचायच्या दुकानात जाऊन बसल्या.

दुकान एवढंसं होतं. एक उंच खुर्ची, वाकत्या मानेचा दिवा, बंद पाकिटातल्या सुया. टोचणारी तिशीतली होती आणि तिच्या चेहऱ्यावर एकही भोक नव्हतं. मावशींची नजर धंद्याने तयार झालेली. त्यांना ते लगेच दिसलं.

"तू स्वतः नाही टोचलंस?"

"मला सुई सहन होत नाही हो," ती हातमोजे चढवत म्हणाली. "कुठे टोचायचंय?"

"भुवई. ओठ नको, जेवताना मध्ये येईल. आणि धातूच घाल. नीट, भरपूर धातू असलेलं."

"स्टीलची बारीक दांडी असते, दोन्ही टोकांना गोळ्या."

"वाजेल ना?"

टोचणारीने दिवा खाली ओढला. पेनाने भुवईवर दोन ठिपके काढले, श्वास घ्यायला सांगितला, सोडायला सांगितला, आणि सोडता सोडता सुई आरपार गेली. मावशींच्या डाव्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहायला लागलं. उजव्या डोळ्याला याचा पत्ताच नव्हता. "आठ आठवडे काढायची नाही," टोचणारी म्हणाली, "आणि रोज दोनदा मिठाच्या पाण्याने पुसायचं."

घरी जाताना मावशींनी नवऱ्याला द्यायची उत्तरं पाठ केली होती. नवरा पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याने चष्मा लावला, मावशींना दिव्याखाली ओढलं आणि बराच वेळ भुवईकडे बघत राहिला.

"गोळ्यांचे आटे उजवे आहेत की डावे?"

"मला काय माहीत?"

"सैल झाली तर सांग. माझ्याकडे बारीक पक्कड आहे." एवढं बोलून तो जेवायला बसला. पाठ केलेली उत्तरं तोंडातल्या तोंडात राहिली.

सोमवारी सकाळी मावशी चौकटीतून गेल्या आणि चौकट वाजली. एकच लांब सूर. हजेरीत आपलं नाव यावं तसं मावशींना झालं. त्या पुढे पाऊल टाकणार तेवढ्यात लंबू आडवा आला.

"मावशी, थांबा. झडती होईपर्यंत आत जाता येत नाही."

"बरोबर आहे," मावशी म्हणाल्या, कारण हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. "घे झडती."

"मी कसा घेणार? बाईची झडती बाईने घ्यायची."

"मग बाईला बोलाव."

कामावर बाई एकच होती, आणि ती चौकटीत उभी होती. मागे बायकांची रांग लागायला लागली. शेवटी सुरक्षेचे साहेब खाली आले.

"अरे, भुवईत आहे ना ते. दिसतंय की," साहेब म्हणाले.

"दिसतंय ते दिसतंय, साहेब," लंबू म्हणाला. "न दिसणारं काही असलं तर?"

"पोरगा बरोबर बोलतोय," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी नियमांची वही मागवली, चाळली, कपाळावरचा घाम पुसला. बाईची झडती कामावरच्या बाईने घ्यावी, असं लिहिलं होतं. ती बाई दुसरी असावी असं कुठेच लिहिलं नव्हतं. "मावशी," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही पडद्याआड जा आणि तुमची तुम्ही घ्या."

मावशी गेल्या. कामात चालढकल त्यांना जमत नसे. त्यांनी खिसे उलटे केले, कॉलरच्या आतून बोट फिरवलं, बूट काढून झटकले. "अंगावर धातूचं काही?" असं विचारलं आणि "भुवईत दांडी आहे" असं उत्तर दिलं.

"झालं का?" बाहेरून लंबूने विचारलं.

"थांब. बाई जरा घाबरलेली आहे."

नोंदवहीत दोन सह्या लागायच्या. झडती घेणारीने आपला कर्मचारी क्रमांक, मावशींचा नऊ, लिहून सही करायची, देणारीने नाव लिहून. दोन्ही सह्या सारख्या दिसायला लागल्या तेव्हा साहेबांनी मावशींना दुसरी डाव्या हाताने करायला सांगितली. हे रोज सकाळी चाललं. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा. नोंदवहीची नक्कल दर आठवड्याला मुख्य कचेरीत जायची.

पाचव्या आठवड्यात मुख्य कचेरीतून एका पाकिटात दोन पत्रं आली. पहिल्यात कर्मचारी क्रमांक नऊ यांच्या दक्षतेची प्रशंसा केली होती. दुसऱ्यात लिहिलं होतं की एक महिला रोज दोन वेळा धातूची वस्तू बाळगून येते, कामाचं कारण सांगत नाही, आणि तिची सही अत्यंत संशयास्पद आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला प्रवेश देऊ नये, आणि ही जबाबदारी क्रमांक नऊ यांच्यावर आहे.

मावशींनी दोन्ही पत्रं दोनदा वाचली. प्रशंसेचं पत्र घडी घालून खिशात ठेवलं. मग लंबूला म्हणाल्या, "मला आत सोडू नकोस," आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या.

साहेबांनी विनवणी केली, रागावून बघितलं, शेवटी हात टेकले. बायकांची रांग फाटकाबाहेर गेली. तीन दिवस दाखले अडले. चौथ्या दिवशी त्या संशयित महिलेला बघायला मुख्य कचेरीतून तपासनीस आल्या. करड्या केसांच्या, हातात फाइल घेतलेल्या बाई.

मावशी बाकावरून उठल्या. "तुम्ही बाई आहात," त्या म्हणाल्या, आणि पडदा बाजूला केला.

पडद्याआड तपासनीस बाईंनी मावशींची झडती घेतली. त्यांना सवय नव्हती. खिसे वरवर चाचपून त्या थांबल्या.

"कॉलरच्या आतून," मावशी म्हणाल्या. "हां, असं. आणि बूट राहिले."

बाईंनी वाकून बूट बघितले. उठताना त्यांची नजर भुवईवर गेली. "दुखलं का हो?"

"एकाच डोळ्याला."

बाईंनी फाइलमध्ये लिहिलं: संशयित महिला निर्धोक. मग नोंदवहीची पानं उलटून बघितली, सगळा प्रकार समजून घेतला आणि खाली आणखी दोन ओळी लिहिल्या.

पंधरा दिवसांनी कामावर दुसरी बाई रुजू झाली. चाळिशीची, कमी बोलणारी, हलक्या हाताची. मावशींनी तिला पडदा कसा ओढायचा ते दाखवलं आणि खुंटीवर पिशवीला जागा करून दिली. अकरा वाजता मावशी चहाला गेल्या. बावीस वर्षांत त्यांनी तो दारातच उभ्याने प्यायला होता. आज खुर्ची ओढून बसल्या, आणि चहा संपल्यावरही थोडा वेळ तिथेच बसून राहिल्या.