पेरूच्या पाल्याचं पाणी

चटईवर पिवळट डाग दिसला तेव्हा मला वाटलं, मांजरानं काहीतरी सांडलं असेल. वाकून पुसायला गेले आणि वास आला. मांजराचं काम नव्हतं ते, माझ्या नवऱ्याचं होतं.

"अहो, पाय दाखवा."

"काही नाही गं. फोड फुटलाय. कॉफीची पूड दाबलीय वर."

"दाखवा म्हणते ना!"

उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाखाली खड्डा पडला होता. कॉफीचा काळा चिखल आणि त्यातून वाहणारा पू. बोट जांभळं, फुगलेलं. मी कडेनं दाबून पाहिलं. "दुखतंय?"

"अजिबात नाही. म्हणून तर म्हणतो, काही नाही झालंय."

एवढा सडलेला पाय आणि दुखत नाही!

माझा नवरा कार्नोतो छायाबाहुल्यांचे खेळ करतो. जावा बेटावरच्या आमच्या तेगल गावापासून समुद्राकाठच्या गावांपर्यंत त्याला सगळे बुवा म्हणतात. पडद्यामागे मांडी घालून बसायचं, दोन्ही हातांनी चामड्याचे भीम-अर्जुन लढवायचे, राक्षसापासून राणीपर्यंत सगळ्यांचे आवाज एकट्यानं काढायचे. आणि उजव्या पायाच्या अंगठ्यात आणि दुसऱ्या बोटात छोटी लाकडी मोगरी धरून शेजारच्या पेटीला टांगलेल्या पितळी पत्र्यांवर ठोके द्यायचे. वादक त्या ठोक्यावर चालतात. ठोका चुकला की युद्ध फसलं. फोड त्या मोगरीचाच होता. पाय बधिर झालेला, त्यामुळे तो कधी झाला आणि कधी चिघळला, बुवांना पत्ताच नाही.

इस्पितळात डॉक्टर हप्सारींनी रक्त तपासलं, फोटो काढला. साखर इतकी वाढलेली की त्यांनी कागद दोनदा वाचला. "बोटाचं हाड गेलंय," त्या म्हणाल्या. "पुढचा अर्धा पाय काढला तर बाकीचा वाचेल."

बुवा उठून उभे राहिले. "पाय काढा, आणि बाहुल्याही घेऊन जा. भिंतीला टांगा." आणि लंगडत निघाले.

मी दारात आडवी झाले. "बसा. मी बोलतेय अजून." मग डॉक्टरांना विचारलं, "बाई, दुसरा काही मार्गच नाही? खोटी आशा नको. असेल तर सांगा."

त्यांनी पावलाची नाडी पुन्हा चाचपली. "पायात रक्त नीट पोचतंय, एवढीच जमेची बाजू आहे. मेलेलं बोट आजच काढायचं. त्यावर वाद नाही. औषधं आणि इन्सुलिन चालू राहील. उरलेली जखम रोज निगुतीनं धुतली, तर बाकीचा पाय वाचवायचा प्रयत्न करता येईल. पण ताप आला किंवा काळेपणा वर सरकला, तर त्याच पावली इकडे यायचं. मग मी म्हणेन तिथून कापणार."

"कबूल," मी म्हणाले.

"मला कोणी विचारलं?" बुवा ओरडले.

"नाही विचारलं," मी म्हणाले.

बोट काढलं आणि डॉक्टरांनी आम्हाला कुस्रिनी सिस्टरांकडे पाठवलं. सिस्टर पूर्वी त्याच इस्पितळात होत्या. आता घराच्या पुढच्या खोलीत फक्त न भरणाऱ्या जखमा बघतात. परसात पेरूची झाडं, चुलीवर मोठं पातेलं. धुतलेली पेरूची पानं आणि थोडी विड्याची पानं खळाखळा उकळायची, स्वच्छ फडक्यातून गाळायची, झाकून कोमट होऊ द्यायची. पाणी अगदी मी चालवते त्या टपरीवरच्या चहाच्या रंगाचं.

"सिस्टर, खडीसाखर टाका यात, पिऊनच टाकतो," बुवा म्हणाले.

सिस्टर हसल्या नाहीत. "बुवा, हे पाणी घाण काढतं, वास मारतं, बस. जखम भरणार ती तुमच्या रक्तानं. रक्ताचा पाक झाला असेल, तर मी परसातली सगळी झाडं उकळली तरी पाय जाणार. इंजेक्शन चुकवायचं नाही, पाय टेकायचा नाही, गोड बंद. जमत नसेल तर आत्ताच सांगा, माझी पानं वाया जायला नकोत."

पाण्याची धार धरून त्यांनी जखम धुतली. मेलेलं पांढरं मांस चिमट्यानं उचलून कात्रीनं काढलं. बाहेर जाऊन मी ओकले. तोंड धुऊन परत आले तर सिस्टर म्हणाल्या, "आता तुम्ही करा. इकडे यायच्या मधल्या दिवसांत तुम्हालाच करायचंय. कात्रीला हात लावायचा नाही, फक्त धुवायचं. पाणी आधी आपल्या कोपरावर बघा. यांचा पाय भाजला तरी यांना कळणार नाही."

मी कोपरावर पाणी पाहिलं आणि धार धरली.

दिवस सरले, वास गेला. जखमेच्या कडेला नवी गुलाबी कातडी दिसू लागली. बुवांचा ढोलकीवाला रास्मादी भेटायला आला, तो बाजारातून कसलीशी हिरवी पूड घेऊन. "वहिनी, पाल्याच्या पाण्यानं काय होतंय? ही जखमेत दाबा, आठवड्यात बुवा पळायला लागतील."

सिस्टरांनी सक्त सांगितलं होतं, जखमेत काहीही भरायचं नाही. मी पुडी घेतली आणि चुलीत टाकली. रास्मादी रुसला. पण खरा घोटाळा त्यानं पुढे केला. एका दुपारी बुवांना मोटरसायकलवर बसवून आपल्या घरी नेलं. तळलेली केळी, खडीसाखरेचा चहा, वर आणखी चहा. आणि इंजेक्शन घरी फडताळात. बुवा परत आले ते गाणी म्हणत. पुढे असे फेरे आणखी झाले, मला न सांगता.

एका सकाळी पट्टी सोडली तर तिसरं बोट काळं पडलेलं. कपाळ तापलेलं.

मी रडले नाही. रिक्षा बोलावली. इस्पितळाच्या वाटेवर बुवा हळू आवाजात म्हणाले, "सुमियाती, माझं चुकलं."

"ते पायाला सांगा," मी म्हणाले.

तिसरं बोट गेलं. डॉक्टर हप्सारी म्हणाल्या, "यानंतर बोटं मोजत बसणार नाही मी."

त्या संध्याकाळी मी टपरीवरची खडीसाखरेची बरणी उचलून शेजारणीला देऊन टाकली. खडीसाखरेशिवाय चहा न पिणाऱ्या तेगलात बिनसाखरेचा चहा! गिऱ्हाईकं म्हणाली, "बाई, नवऱ्याचं बोट गेलं ते गेलं, आमचं तोंड का कडू करता?" काहीजण समोरच्या टपरीवर गेले. जाऊ दे म्हटलं. घरात साखर असेल तर बुवांच्या हातात जाईल, हे मला पक्कं माहीत होतं.

रास्मादी आला तेव्हा मी त्याला दारातच धरलं. "तिसरं बोट तुमच्या चहात बुडालं, भावजी. आता आत बसायचं असेल तर कडू चहा प्यायचा. बुवांसमोर. रोज."

तो प्यायला. पहिल्या घोटाला तोंड असं केलं की बुवा बऱ्याच दिवसांनी खदाखदा हसले. रोज येत राहिला बिचारा.

पुन्हा धुणं सुरू. पानं तोडा, उकळा, गाळा, कोपर बुडवून बघा. बुवांचा पाय उशीवर, माझी मान अवघडलेली. कधी वाटायचं, जखम आहे तिथंच आहे, आपणच झिजतोय. तरी सकाळ झाली की पातेलं चढायचं. मग एक दिवस सिस्टरांनी मला हाक मारली. "या, बघा." जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं ओलं, लालचुटुक मांस उगवलं होतं. "हे जिवंत आहे," सिस्टर म्हणाल्या. मी बघतच बसले.

बुवांनी लगेच विचारलं, "मग मोगरी कधी धरू?"

"या पायानं? कधीच नाही. पुन्हा तिथंच फाटेल."

घरी येऊन बुवा भिंतीकडे तोंड करून पडले. दोन वेळचं जेवण तसंच राहिलं. शेवटी मी पितळी पत्रे काढून त्यांच्या डाव्या बाजूला टांगले आणि मोगरी डाव्या पायाजवळ ठेवली.

"डाव्या पायानं खेळ? वेड लागलंय का तुला? माझ्या बापानं कधी पाहिलं नाही असलं."

"तुमच्या बापाला साखर नव्हती. धरा."

मोगरी निसटून रास्मादीच्या नडगीवर बसली. "बुवा, भीमाची गदा माझ्यावर का?" तो कळवळला. पण दुसऱ्या दिवशी ढोलकी घेऊनच आला. मग तेच आमचं रोजचं झालं. उजवा पाय माझ्या हातात, कोमट पाण्याच्या धारेखाली. डावा पाय पत्र्यांवर. ठोका जोरात बसला की सगळं अंग हलायचं आणि मी ओरडायचे, "पाणी सांडतंय!" डाव्या पायाला गोळे यायचे. बुवा दात खाऊन थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

जखम मिटली तेव्हा सिस्टरांनी मऊ तळाचे बूट करून घ्यायला लावले आणि रोज पाय तपासायची मला तंबी दिली. मग शेजारच्या गावातून बोलावणं आलं. एकुलत्या एका मुलीवरचं अरिष्ट टळावं म्हणून करतात तो खेळ, भर दिवसाचा. बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाकडे पाहिलं. "घ्या," मी म्हणाले.

मी पडद्यामागे, त्यांच्या पाठीशी बसले होते. सुरुवात बरी झाली. पण एकुलती मुलं गिळणारा काळराक्षस त्या मुलीला मागायला आला, तिथं बुवांचा डावा पाय आखडला. एक ठोका गेला, दुसरा उशिरा पडला. वादकांच्या माना वळल्या. रास्मादीनं ढोलकीवर थाप मारून मधली जागा भरून काढली आणि पुटपुटला, "घ्या बुवा, सावकाश." बुवांनी श्वास घेतला. राक्षसाला उगाच दोन वाक्यं जास्त बोलू दिली, लोक हसले, तेवढ्यात पाय सैल झाला. मग जे ठोके पडले! खणखणीत, एकावर एक. राक्षस हात चोळत परत गेला आणि मुलीच्या आईनं डोळ्यांना पदर लावला.

खेळ संपल्यावर बुवांनी बूट चढवले आणि लोक त्यांच्याभोवती जमले. मी गर्दीतून वाट काढली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांसमोर बूट काढला. पाय वरखाली करून पाहिला. कातडी कोरडी, कुठं लाली नाही.

"अगं, माणसं बघतायत," बुवा कुजबुजले.

"बघू देत," मी म्हणाले आणि आता मोगरी धरणाऱ्या डाव्या पायाचा बूट सोडायला घेतला.