खिडकीतली ताटली

सासूबाईंच्या घरात बोटाला धूळ लागली तर बक्षीस द्यावं, असं अख्खी गल्ली म्हणायची. म्हणूनच सुनेनं "उद्या खिडकीतली धूळ तपासायला नेते" म्हटल्याबरोबर त्यांनी सकाळी उठून घर लख्ख पुसून काढलं.

सून प्रयोगशाळेत खनिजं ओळखायची. ब्रश आणि पुडी घेऊन आली ती कपाळाला हात लावून बसली. "अहो आई, धूळच तर हवी होती!"

"माझ्या घरची धूळ चारचौघांत दाखवणार?" सासूबाई कडाडल्या.

आवाज चढा होता, पण आतून त्या पार खचल्या होत्या. नातीच्या रक्तात शिसं निघालं होतं. पलीकडच्या धातूभट्टीचे साहेब म्हणाले, आमच्या धुराड्याचा संबंध नाही, घरातल्या जुन्या रंगाचे पोपडे असतील. खिडकीला तो पांढरा रंग सासूबाईंनीच हौसेनं दिला होता. साहेबांचं ते बोलणं ऐकल्यापासून त्यांनी नातीला मांडीवर घेतलं नव्हतं.

"बरंच झालं पुसलंत ते," सून म्हणाली. "आता पडेल ते ताजं." तिनं त्याच खिडकीत एक स्वच्छ ताटली ठेवली. सासूबाईंचा हात रोज फडक्याकडे जायचा, पण त्यांनी मन मारलं. ताटली करडी झाली, तेव्हा सुनेनं त्यातली चिमूटभर धूळ नेली.

संध्याकाळी तिनं सूक्ष्मदर्शकातला फोटो पुढे धरला. "हे गोल कण बघा. वितळलेला धातू हवेत उडून थिजला की असा गोल होतो. रंगाचा कण पापुद्र्यासारखा असतो. क्ष-किरणांनीही तपासलं. भट्टीतून निघतं ते शिशाचं सल्फेट सापडलं, कच्च्या धातूची भुकटी सापडली. तुमच्या रंगातलं शिसं वेगळं असतं, आई. त्याचा कणही नाही."

सासूबाई पदार्थांची नावं विसरल्या. शेवटचं वाक्य तेवढं त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं.

नगरपालिकेच्या सभेत सुनेनं अहवाल वाचला. भट्टीचे साहेब हसून म्हणाले, "घराच्या साफसफाईचाही प्रश्न असतोच ना."

सासूबाई उठल्या. पिशवीतून ताटली काढून त्यांनी ती उघडीच साहेबांपुढे ठेवली.

"घर माझं आहे, साहेब. धूळ तुमची आहे. आणि ती ओळखणारी सून माझी आहे."

घरी येऊन त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले, आणि नातीला हाक मारून मांडीवर घेतलं.