थंड्याचा संदर्भ

नवं जर्नल हातात आलं की आमचे हे ते मागून उघडायचे. बाकीची माणसं आधी मथळा बघतात, सारांश वाचतात. हे थंड्याचा लेख शोधायचे आणि थेट शेवटच्या संदर्भसूचीवर जायचे. तिथे आपलं नाव सापडलं की चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "आहे. ठीक आहे." कोण ठीक आहे, हे मी कधी विचारलं नाही. संसार जुना झाला की काही प्रश्न न विचारलेलेच बरे असतात.

थंड्या हा ह्यांचा मित्र, आणि हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. दोघांचं सगळं आयुष्य मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पत्रा लाटण्यात गेलं. हा धातू वजनाला हलका, पण स्वभावाला हट्टी. थंड असताना रोलमधून काढायला गेलं तर कोरड्या पिठासारख्या त्याच्या कडा फाटतात, म्हणून आधी भट्टीत तापवावा लागतो. किती तापवायचा, यावर दोघांचं कधी जमलं नाही. हे म्हणायचे, सढळ हातानं तापवा आणि मोकळे व्हा. थंड्या म्हणायचा, कमी तापवा, दाब थोडा थोडा द्या, फेऱ्या वाढवा, पत्रा जास्त मजबूत होईल. त्याच्या पद्धतीनं पत्रा तयार होईपर्यंत आपण दोघं निवृत्त होऊ, अशी ह्यांची थट्टा. त्यातूनच तो थंड्या झाला.

पण खरं ठरलं ते थंड्याचंच. त्या पद्धतीवरच दोघांचा पहिला मोठा लेख निघाला. त्यांच्या प्रयोगशाळेत रिवाज असा होता की ज्यानं पत्रा लाटायची मिल चालवली त्याचं नाव पहिलं आणि ज्यानं लिहिलं त्याचं दुसरं. मिल थंड्यानं चालवली होती, लिहिलं ह्यांनी. लेख छापून आला तेव्हा पहिलं नाव ह्यांचं होतं. पाठवताना दोघांच्या मार्गदर्शक सरांनी उलटापालट केली, असं हे सांगतात, आणि ते खरंही असेल. पण प्रुफं तपासायला ह्यांच्याकडेच आली होती. थंड्या एका शब्दानं बोलला नाही. दुसऱ्या शहरातल्या संस्थेत जागा मिळाली तशी त्यानं बाडबिस्तरा उचलला.

मी ह्यांच्याच संस्थेच्या ग्रंथालयात काम करते. कोणी कोणाबरोबर लेख लिहिले, कोणी कोणाचा हवाला दिला, याची मोजदाद करणं हे माझं काम. लोकांना ते नसत्या चौकशा वाटतं आणि मला त्यातच रस. एकदा मी मॅग्नेशियमवाल्यांचा नकाशा काढला. प्रत्येक संशोधकाचा एक ठिपका, आणि हवाले जितके जास्त तितकी दोन ठिपक्यांमधली रेष जाड. सगळ्यांत जाड रेष निघाली ती एकमेकांशी अबोला धरलेल्या या दोघांमध्ये. मी तो कागद ह्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, ही कोण सवत? हे लाजल्यासारखे हसले.

"बोलतो की आम्ही," म्हणाले.

मला तेव्हा ते गोड वाटलं. हाडात बसवायच्या मॅग्नेशियमच्या स्क्रूंवर लिहितानासुद्धा थंड्या पहिल्याच वाक्यात तो जुना लेख आणायचा, गरज नसताना. हे त्याच्याशी वाद घालतानाही आधी त्याचा संदर्भ देऊन मगच वाद घालायचे. एवढी शिकलेली माणसं, पण याला बोलणं म्हणत होती आणि त्यावर समाधानी होती. तेव्हाच दोघांचे कान धरायला हवे होते.

हे निवृत्तीला आले त्या वर्षी जर्नलनं ह्यांना मोठा लेख मागितला. पत्रा लाटण्याच्या सगळ्या संशोधनाचा आढावा. जेवताना हे अचानक म्हणाले, "थंड्याला बरोबर घेतो. त्याचं नाव पहिलं." मी हातातला घास ताटात ठेवला. जे बोलायला इतकी वर्षं जीभ रेटली नव्हती ते शेवटी ओठांवर आलं होतं. ह्यांनी त्याचा फोन नंबरही मिळवला. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. थंड्याचा नवा लेख येऊ घातलाय, तेवढा बघतो आणि मग करतो फोन, असं ठरलं.

लेख आला. ह्यांनी मागून उघडला, सूचीवरून बोट फिरवलं, पुन्हा वरपासून फिरवलं. आपलं नाव नव्हतं.

"त्यानं मला पुसलं," हे म्हणाले.

मी म्हटलं, फोन करून विचारा. त्यात विचारायचं काय राहिलं, म्हणाले. मग मी चिडले. "अहो, संदर्भसूची आहे ती, मृत्युपत्र नाही," असंही बोलून गेले. ते म्हणाले, आमची भाषा तुला कळायची नाही. आढावा त्यांनी एकट्यानं लिहिला. कमी तापवून लाटण्याबद्दल त्यात दोन पानं होती आणि त्या दोन पानांत थंड्या कुठेच नव्हता. त्याच्या मागून आलेल्यांची नावं होती. नवरदेवाला वगळून वऱ्हाड जेवायला घालावं तसं ते दिसत होतं. मी हस्तलिखितावर तसं लिहूनही दिलं. ह्यांनी ते खोडलं आणि लेख छापून आला.

वर्षाअखेरच्या मोजणीत थंड्याचा तो लेख माझ्यासमोर आला. या वेळी मी सूची नाही, वरची नावं बघितली. थंड्याचं नाव शेवटी होतं. एकदा दुधानं तोंड पोळलेला हा माणूस पुढे कायम ताकही फुंकून प्यायला. स्वतःचं पहिलं नाव त्यानं विद्यार्थ्यांनाही कधी दिलं नाही. आणि पत्रव्यवहाराचा पत्ता भलत्याच मुलीचा. ज्याचं नाव शेवटी आणि पत्ता दुसऱ्याचा, त्यानं लेख लिहिलेला नसतो, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. मी तिथल्या तिथे त्याच्या संस्थेत फोन लावला.

ती मुलगी त्याची विद्यार्थिनी निघाली. सरांना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला, म्हणून लेख आम्हीच पुरा केला, असं तिनं सांगितलं. संदर्भांचं विचारलं, तर म्हणाली, जुने फार झाले होते, गाळले. तिचा काय दोष? मी घरी येऊन ह्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही थंड्याच्या घरी गेलो. तळमजल्यावरची खोली, खिडकीला लावलेली खाट, उशाशी हाताच्या व्यायामाचा रबरी चेंडू. थंड्या उशांना टेकून बसला होता. त्याच्या तोंडून आता नुसते आवाज निघतात आणि ते फक्त त्याच्या बायकोला कळतात. ह्यांना पाहून त्याचे डोळे भरले. ह्यांचेही भरले. मला वाटलं, चला, मिटलं.

वहिनींनी चहा ठेवला आणि सहज बोलावं तसं सांगितलं, की ह्यांचा आढावा आला तेव्हा वहिनींनीच तो थंड्याला मागच्या पानावर उघडून दिला होता. डाव्या हाताचं बोट लावत त्यानं सगळी सूची वाचली आणि मग पुन्हा वाचली. त्यानंतर जर्नल मागितलंच नाही.

"मी म्हटलं, घाईत राहून गेलं असेल," वहिनी म्हणाल्या. "राहूनच गेलं ना, भाऊजी?"

इतक्या मायेनं दार उघडून दिलं होतं त्यांनी. हो म्हणा, असं मी मनातल्या मनात ह्यांना विनवत होते. हे थंड्याकडे बघत राहिले.

"राहिलं नाही, वहिनी. मी काढलं. मला वाटलं, यानं मला काढलं."

थंड्याच्या घशातून आवाज आला. वहिनी त्याच्या तोंडाशी वाकल्या, त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं आणि मग सरळ झाल्या.

"ते म्हणतात, फोन करायचास ना."

वहिनींनी थंड्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"तेव्हा बोलता येत होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "हळू बोलायचे, पण कळायचं सगळं. दुसरा झटका नंतर आला."