होमकमिंगच्या शनिवारी मी वाजले

दचकू नका, बेसमेंटमधून मीच बोलतेय. मी एक घंटा. काशाची, नारळाएवढी, बैलाच्या गळ्यात बांधायची. सध्या कॅनडात, टोरांटोच्या एटोबिको भागातल्या एका घरात विंटर टायर्सच्या मागे, जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेली. मला कोणी हलवत नाही, आणि तेच बरं आहे. पण आजवर माणसांनी माझ्याबद्दल खूप सांगितलं, मला कोणी विचारलं नाही. म्हणून बोलते.

माझा जन्म कोकणातला. रेवदंड्याजवळ हायमबाबांचा तेलाचा घाणा होता. झापड बांधलेला बैल घाण्याभोवती फिरायचा आणि मी त्याच्या गळ्यात वाजायचे. मी थांबले की बाबा आतूनच ओरडायचे, "काय रे, पेंगलास काय?" ते घर बेने इस्राएलांचं, मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं. शनिवार त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी घाणा बंद, बैल मोकळा. गावात त्यांना शनवार तेलीच म्हणत. सहा दिवस वाजायचं आणि सातव्या दिवशी गप्प बसायचं, हा माझा नेम. माझ्या आठवणीत तो एकदाही मोडला नव्हता.

पुढे घाणा गेला, बैलही गेला. हायमबाबांचा नातू नेहेम्या मुंबईत उपकरणं बनवायला शिकला आणि १९६८ साली कॅनडाला निघाला. आईने मला त्याच्या बॅगेत कोंबलं.

"तिकडे काय करू हिचं?" तो म्हणाला.

"काही करू नकोस. असू दे घरातलं काहीतरी."

टोरांटोतल्या एका युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपात त्याला नोकरी लागली. युनिव्हर्सिटीचं नाव सांगत नाही. तिथे आता दुसरी माणसं आहेत. बिल्डिंगमध्ये त्याच्या शेजारी कास्मिर राहायचा, वसईचा ख्रिस्ती, विमानतळावर कार्गोत कामाला. दोघांच्या बायका अजून भारतात होत्या. मराठी बोलायला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे दोघे लवकरच भावांसारखे झाले.

एका शरद ऋतूत वर्कशॉपातल्या मुलांनी नेहेम्याला फुटबॉल मॅचला बोलावलं. "आवाज करणारं काहीतरी घेऊन या," म्हणाले. तो कास्मिरला आणि मला घेऊन गेला. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू छातीशी धरून एकमेकांवर आदळायचा खेळ. मी तर घाबरूनच गेले. घाण्यावर एक बैल होता आणि तोही शांत. इथे चोवीस जण धावून एकमेकांना धडकत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते!

आणि मग आपल्या टीमने चेंडू पलीकडच्या रेषेपार नेऊन टचडाऊन केला. नेहेम्याने मला वर धरून जी हलवली, की माझा लोलक निखळायचा बाकी राहिला. मी अवाक झाले. शनिवार होता!

पुढच्या वसंतात बाथशेवा, त्याची बायको, आली. कास्मिरची एडना आणि अकरा वर्षांचा कॉन्रॅडही आले. बाथशेवाला पहिल्याच सीझनला कळलं की दर शनिवारी मी घराबाहेर असते.

"अहो, शब्बाथला घंटा?"

"मी काम थोडंच करतोय? बसूनच तर असतो."

"तुम्ही बसता. ती तर काम करते ना?"

पण नेहेम्या जातच राहिला. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागायचे, प्रार्थना व्हायची आणि शनिवारी दुपारी आम्ही मैदानात. बाथशेवा बोलायची बंद झाली. मला तिचं बोलणं परवडलं असतं.

काही वर्षांत नेहेम्या त्या मैदानातला जुनाजाणता झाला. त्याने वर्कशॉपात माझ्यासाठी लोखंडी चौकट केली, ती स्टँडच्या कठड्याला बसवली आणि ओढायला दोरी लावली. कॉलेज फुटबॉलवर त्याची मतं पक्की होती आणि कोणी विचारायची तो वाट बघत नसे. "चेंडू पुढे न्यायला अमेरिकेत चार डाऊन, म्हणजे चार संधी देतात, आपल्याकडे तीन. तिनात जमत नाही त्याने पत्ते खेळावेत." चुकलेल्या किकलासुद्धा कधीकधी एक पॉइंट मिळतो, त्याला इथे रूज म्हणतात. नेहेम्याच्या मते असा दिलदार नियम जगात दुसऱ्या कुठल्या खेळात नव्हता. तिथेच जन्मलेल्या लोकांना तो रूज समजावून सांगायचा. बँडचं शेवटचं गाणं व्हायच्या आत उठणाऱ्यांकडे तो असं बघायचा की लोक परत बसायचे. "प्रोफेशनलवाले टीव्हीवर बघा," म्हणायचा. "इथे मंगळवारी वर्कशॉपात माझं ड्रिल मोडणारा मुलगा शनिवारी टचडाऊन करतो. हे कुठे मिळणार?"

१९७३ मध्ये विद्यार्थ्यांच्या कमिटीने नवी प्रथा काढली. प्रत्येक मॅचनंतर, ज्याने सगळ्यात जोरदार टक्कर दिली त्या खेळाडूने पायऱ्या चढून वर यायचं आणि मला वाजवायचं. त्याला नाव दिलं 'बेल रिंगर'. मला आधी वाटलं, माझाच मान. मग कळलं की टक्कर लागून एखाद्याचं डोकं भणभणलं की हे लोक म्हणतात, ही गॉट हिज बेल रंग. त्याची घंटा वाजली!

मला धक्काच बसला. शुद्ध हरपायला माझं नाव? पण नेहेम्या हसला. "अगदी चपखल नाव आहे," म्हणाला. तो माझा मालक. तो हसला म्हणून मीही गप्प बसले.

कॉन्रॅड मोठा झाला. रुंद खांद्यांचा, हसरा, घरी मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देणारा. त्याच युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला गेला आणि टीममध्ये निवडला गेला. एडनाला भीती वाटायची. कास्मिरने नेहेम्याला विचारलं, "तू इतकी वर्षं बघतोस. खेळू देऊ ना?" नेहेम्या म्हणाला, "अरे, अभिमानाची गोष्ट आहे!" त्याच्या शब्दावर कॉन्रॅड खेळायला लागला. दुसऱ्या वर्षी तीनदा बेल रिंगर झाला. मला वाजवताना नेहेम्याकडे बघून ओरडायचा, "धिस वन्स फॉर यू, अंकल!"

आता तो दिवस सांगते.

१९७८चा ऑक्टोबर. होमकमिंग, म्हणजे जुने विद्यार्थी परत येतात तो शनिवार. स्टँड गच्च भरलेला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये कॉन्रॅड आणि समोरचा एक खेळाडू डोक्याला डोकं लावून आदळले. आवाज कठड्यापर्यंत आला. समोरचा उठला. कॉन्रॅड गुडघ्यावर राहिला, मग उठला आणि चालू लागला. तो चुकीच्या बेंचकडे चालला होता. दुसऱ्या टीमच्या. त्यांच्यातल्याच एकाने हसत त्याला खांद्याला धरून वळवलं.

हे कास्मिरला दिसलं नाही, तो एडनाला कॉफी देत होता. नेहेम्याला दिसलं. मलाही दिसलं. त्याचा हात दोरीवर होता आणि तो घट्ट झाला, हे मी शपथेवर सांगेन.

"काय झालं? कॉन्रॅड बसला का?" कास्मिरने विचारलं.

"बेल रिंग झाली थोडी. असं होतंच. दोन मिनिटांत ठीक होईल."

खाली कोणीतरी कॉन्रॅडसमोर बोटं धरली. त्याने काहीतरी आकडा सांगितला, सगळे हसले आणि त्याच्या पाठीवर थाप पडली. हाफटाइमनंतर तो परत खेळायला आला.

शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याने अशी टक्कर दिली की समोरच्याच्या हातून चेंडू उडाला. आपल्या टीमने तो उचलून टचडाऊन केला आणि मॅच जिंकली. नेहेम्या मला वाजवतच सुटला. कॉन्रॅड अजून खाली पडलेला होता आणि मी वाजत होते. कितीतरी वेळ वाजत होते.

दोघांनी त्याला उभा केला. लोक ओरडायला लागले, "रिंग इट! रिंग इट!" त्या दिवशीचा बेल रिंगर तोच. त्याला हाताला धरून वर आणलं. जर्सीवर उलटी झालेली होती. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि नेहेम्याकडे बघून मराठीत बोलला. किती वर्षांत त्याच्या तोंडून मराठी ऐकलं नव्हतं.

"सर, शाळा सुटली काय? मम्मी कुठे आहे?"

एडना चार पावलांवर उभी होती.

नेहेम्याचा चेहरा पांढरा पडला. पण मागून लोकांचा आवाज वाढतच होता आणि त्याला बाकी काही सुचलं नाही. त्याने कॉन्रॅडचा हात उचलला, दोरीवर ठेवला, त्यावर आपला हात धरला आणि ओढला. मी वाजले. स्टँड दणाणून गेला. कॉन्रॅडची बोटं दोरीवर वळलेलीसुद्धा नव्हती. मग त्याचे पाय गेले आणि तो एडनाच्या अंगावर कोसळला.

डोक्यात रक्तस्राव झाला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमध्ये काय झालं ते मला बाथशेवाच्या बोलण्यातून कळलं. कास्मिर कॉरिडॉरमध्ये नेहेम्याला एवढंच म्हणाला, "तू म्हणालास, दोन मिनिटांत ठीक होईल." पुढे सहा वर्षं दोघे बोलले नाहीत. लिफ्टमध्ये भेटले तर कास्मिर मजल्यांचे आकडे बघत राहायचा.

कॉन्रॅड वाचला. पण डावा हात पूर्वीसारखा झाला नाही, बोलता बोलता शब्द हरवायचे, उजेडाचा त्रास व्हायचा. इंजिनिअरिंग सुटलं.

पुढच्या होम मॅचला नेहेम्या पाना घेऊन मैदानात गेला आणि चौकटीचे नट सोडवू लागला. कमिटीचा अध्यक्ष धावत आला. "मिस्टर नवगावकर, यू कान्ट! इट्स अ ट्रॅडिशन!"

"ट्रॅडिशन माझ्या घंटेमुळे सुरू झालं," नेहेम्या त्याला इंग्लिशमध्ये म्हणाला, "मीच बंद करतोय."

त्याने विद्यार्थ्यांच्या पेपरात पत्र लिहिलं: ज्याची शुद्ध क्षणभरही गेली, त्याला त्या दिवशी परत मैदानात पाठवू नका. टक्करीसाठी बक्षीस देऊ नका. मी फॅन आहे, फॅनच राहीन, पण इतकी वर्षं मी चुकीच्या वेळी टाळ्या वाजवल्या. उत्तरं आली. एकाने लिहिलं, हा खेळ मर्दांचा आहे. दुसऱ्याने लिहिलं, बाहेरून आलेल्यांना आमचा खेळ कळत नाही. ज्याने त्यांना दहा वर्षं रूज समजावला, त्याला! नेहेम्याने ते कात्रण बाथशेवासमोर ठेवलं. तिने वाचलं, शांतपणे फाडलं आणि त्याला जेवायला वाढलं.

त्यानंतर तो मॅचला गेला नाही. रेडिओवर स्कोअर मात्र ऐकायचा. अशी प्रीती सुटत नाही, मी पाहिलंय.

त्यांनी हे घर घेतलं आणि मी बेसमेंटमध्ये आले. गेल्या वर्षी, १९८४च्या ऑक्टोबरात, दुपारी दारावर बेल वाजली. मी नव्हे, दाराची. जिन्यावरून पावलं उतरली. कॉन्रॅड होता, गडद चष्मा लावलेला. मागे कास्मिर, कारची किल्ली हातात धरून पायरीवरच थांबलेला.

नेहेम्याने ब्लँकेट उलगडलं. कॉन्रॅडने उजव्या हाताने मला चाचपून बघितलं.

"अंकल, तो दिवस मला… आय हॅव नथिंग. ब्लँक. सगळे सांगतात मी वाजवली. डिड आय रिंग इट?"

नेहेम्याला हो म्हणणं सोपं होतं. पायरीवर कास्मिर ऐकत होता.

"नाही," नेहेम्या म्हणाला. "मी वाजवली. तुझा हात धरून. तू तर आईला शोधत होतास. आणि त्याआधी, दुसऱ्या क्वार्टरमध्ये, तू चुकीच्या बेंचकडे गेलास ते मी बघितलं होतं. कास्मिर, मी बघितलं होतं. आणि तुला सांगितलं नाही."

घर तापवणारा फर्नेस सुरू झाला, त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मग कॉन्रॅडने माझ्यावरून हात काढला. "गुड," तो म्हणाला. "आय डिडन्ट वॉन्ट इट टू बी मी."

कास्मिर पायऱ्या उतरून खाली आला. त्याने नेहेम्याकडे बघितलं नाही. ब्लँकेट उचललं, एक टोक त्याच्याकडे दिलं आणि दोघांनी मिळून मला पुन्हा गुंडाळलं. वर जाताना तो एवढंच म्हणाला, "बाथशेवाला सांग, चहात साखर घालू नको. मला डायबेटिस झालाय."

नेहेम्या खाली एकटाच उभा राहिला. मग जोरजोरात रडायला लागला. मी काशाची असूनही मला ते ऐकवलं नाही.

माझी एकच विनंती आहे. घंटा, भोंगा, टाळ्या, तुमच्या हातात जे असेल ते वाजवण्याआधी मैदानाकडे नीट बघा. सगळे उठलेत का, एवढं मोजा. कोणी एक जण जरी खाली असेल, तर हात आवरा.