तिघांची वाट

दवाखान्यातून फोन आला तेव्हा तो बाटलीतलं दूध मनगटावर टाकून पाहत होता. त्याची बायको कामाच्या जागी कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव झाला, ती गेली, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. दूध बरोबर कोमट होतं. त्याने आधी लेकीला पाजलं, ढेकर काढला, मग तिला छातीशी बांधून निघाला.

या गोष्टीला अकरा दिवस झाले होते. आता तीच चार महिन्यांची लेक छातीशी घेऊन तो विमानतळावर उभा होता. परदेशात राहणाऱ्या आजीकडे, बायकोच्या आईकडे, जायचं तिघांचं आधीच ठरलं होतं. तिकिटं, बाळाचा पासपोर्ट, सगळं बायकोने करून ठेवलं होतं. अंत्यविधी इथेच उरकला. सासूबाईंना मात्र कळवलं नव्हतं.

"फोनवर नको, दाजी," मेहुणा म्हणाला होता. "आईचं हृदय आधीच अधू, घरात एकटी. तुम्ही समोर या, नातीला तिच्या मांडीवर द्या, मग सांगा."

तोवर बायकोचा घसा बसलाय, ही थाप चालू होती.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हत्यारं मांडून झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. कागदांची फाईल त्याने तशीच लावली होती. सुरक्षा तपासणीत शिपायाने बाटलीकडे बोट दाखवताच, आत दूधच आहे हे दाखवायला त्याने मोठा घोट घेतला.

"अहो, नुसतं झाकण उघडा म्हणत होतो," शिपाई म्हणाला.

"असू दे. तिचं पोट भरलंय."

इमिग्रेशनच्या खिडकीत चष्मा लावलेल्या बाई होत्या. त्यांनी दोन्ही पासपोर्ट उघडले.

"बाळाची आई?"

"वारली." त्याने फाईलमधून दवाखान्याचा कागद काढून दिला.

बाईंनी तो उलटसुलट पाहिला. "हा तात्पुरता आहे."

"पक्का दाखला यायला महिना लागतो. तोवर हिला सांभाळायला घरी कोणी नाही. मला कामावर जावं लागतं."

"एकटा बाप तान्हं मूल घेऊन देशाबाहेर निघाला की आम्हाला खात्री करावीच लागते. आईच्या माहेरचं कोणी?"

मेहुण्याचा फोन बंद होता. बाईंनी दोनदा लावून पाहिला. मग त्याने भरलेल्या फॉर्मवरचा, पत्त्याखालचा दुसरा नंबर वाचू लागल्या.

"मॅडम, तो सासूबाईंचा," तो म्हणाला. "त्यांना अजून माहीत नाही."

बाईंनी मान वर केली. "मुलगी गेली हे आईला माहीत नाही?"

आपण किती संशयास्पद बोललो ते त्याच्या लक्षात आलं. तरी त्याने नजर हलवली नाही.

"समोर बसून सांगायचंय. एवढं तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका."

बाईंनी तोच नंबर लावला. स्पीकर सुरू केला.

"विमानतळावरून बोलतेय, आजी. नेहमीची चौकशी आहे. तुमच्याकडे कोण येतंय?"

"कोण म्हणजे? लेक, जावई अन् नात. तिघं," सासूबाईंचा आवाज खणखणीत होता. "काय, पासपोर्ट विसरला का तो? वेंधळा आहे, पण माणूस सोन्यासारखा."

"नातीची काही खूण सांगता?"

"उजव्या कानामागे तीळ. लेकीने फोनवर दाखवलाय मला. तिलाही तिथेच आहे."

त्याने टोपडं वर सरकवलं. बाईंनी काचेपलीकडून वाकून पाहिलं.

"तीळ आहे, आजी."

"असणारच. जरा लेकीला फोन द्या ना. घसा बसलाय तर बसू दे, नुसतं हं म्हण म्हणावं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बाळाच्या पाठीवर ठेवलेला हात तसाच राहिला.

"इथून प्रवाशांना फोन देता येत नाही, आजी. नियम आहे."

"असले कसले मेले नियम," सासूबाई म्हणाल्या. "बरं, सांभाळून पाठवा तिघांना."

फोन ठेवून बाईंनी दोन्ही पासपोर्टांवर शिक्के मारले. दवाखान्याचा कागद नीट घडी करून परत दिला.

"किती तासांचा प्रवास?"

"नऊ."

"बाळाला विमान उडताना पाजा. कान दुखत नाहीत."

"वाचलंय मी. बाटली भरून ठेवलीय."

त्याने फाईल पिशवीत टाकली, टोपडं सारखं केलं आणि पाट्या वाचत न चुकता आपल्या दरवाजापाशी पोचला. सासूबाईंना सांगायचं अजून बाकी होतं.