रिस्तिनच्या गाडीतलं वजन

मी एक जुनं वजन आहे. मित्रांनो, वजन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता शिरणारे गृहस्थ आले असतील, तर त्यांना बाहेर बसवा. मी तसलं वजन नाही. मी स्नोमोबाईलच्या, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीच्या, क्लचमध्ये राहतो, पोलादाचा आहे, वाकवलेल्या करंगळीएवढा आहे आणि माझ्यामुळे आजवर कोणाचीही बदली झालेली नाही.

जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना शेवटी डोळे पुसायचे असतात, अशी रीत आहे. छत्री रडते, खुर्ची रडते, फळा तर पहिल्या ओळीपासून रडतो. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी झिजलो आहे, मान्य. जे कधी कामाला आले नाहीत, ते अजून चकचकीत आहेत. त्यांना माझा नमस्कार सांगा.

माझा जन्म स्वीडनच्या उत्तरेला, एव्हर्टच्या वर्कशॉपमध्ये झाला. एव्हर्ट सत्तरीचा, एका कानाने बहिरा, आणि कुठला कान ते सोयीप्रमाणे बदलणारा. त्याने आम्हा तीन भावांना एकाच पोलादी पट्टीतून कापलं, घासलं आणि प्रत्येकाला तीन भोकं पाडली: एक मुळाशी, एक कमरेला, एक टोकाला. या भोकांत बिनडोक्याचे छोटे स्क्रू एकावर एक बसतात. स्क्रू घातले की आम्ही जड, काढले की हलके. बिनडोक्याच्या माणसांनीही वजन वाढतं असं मी ऐकून आहे, पण ते माझं क्षेत्र नाही.

आमचं काम सोपं आहे. इंजिन फिरलं की क्लच फिरतो, क्लच फिरला की आम्ही बाहेरच्या बाजूला फेकले जातो, आणि फेकले जाताना इंजिनाचा जोर पुढे नेणारा रबरी पट्टा वरच्या गिअरकडे ढकलतो. आम्ही जड असलो तर घाईने ढकलतो. सपाट गोठलेल्या तळ्यावर ते शोभून दिसतं. पण चढावर, मागे ओझं असताना, तेच म्हणजे सायकलस्वाराने सगळ्यात जड गिअर टाकून घाट चढण्यासारखं. इंजिनाला धाप लागते. हलके असलो तर आम्ही दमाने घेतो आणि इंजिनाला पूर्ण आवाजात बोलू देतो. आता किती हलकं व्हायचं, हाच आयुष्यातला एकमेव प्रश्न. त्याचं उत्तर मागच्या ओझ्यावर अवलंबून असतं, आणि आमची गोष्ट अडली ती तिथेच.

त्या वर्षी जानेवारीत पाऊस पडला. बर्फावर पाऊस, आणि त्यावर लगेच कडाक्याची थंडी. सगळ्या डोंगरावर काचेचं झाकण बसलं. खाली रेनडिअरचं खाणं, दगडफूल आहे, त्यांना वासही येतो, पण खुरांनी झाकण फुटत नाही. जनावरं उभ्या जागी वाळायला लागली. चारा खालून वर न्यायचा, एवढाच उपाय उरला.

रिस्तिन एकसष्ट वर्षांची. एकटी, स्वतःचा कळप, स्वतःची कानखूण. इथे प्रत्येकाची खूण वेगळी असते. पिल्लाच्या कानाला चाकूने जो काप देतात, त्यावरून ते कोणाचं हे कळतं. रिस्तिनचा धाकटा भाऊ निल्लास कळपवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होता. तो तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि कॉफीत चीज बुडवत म्हणाला, "रिस्तिन, तू एकसष्टची झालीस."

"मोजलंस वाटतं. तुला मोजायची फार हौस."

"तुझी गाडी म्हातारी, चढ उभा. तुझी जनावरं मी माझ्या कळपात घेतो. चारा माझा. उन्हाळ्यात पिल्लांच्या कानाला माझी खूण मारू."

"आणि माझी खूण?"

"तुझा फोटो लावू आपण मंडळाच्या भिंतीवर."

"त्यापेक्षा मला बर्फात पुरून टाक," रिस्तिन म्हणाली. "चारा मी नेते. शनिवारच्या आत."

"आणि नाही पोचला तर?"

तिने ओठांचा चंबू केला आणि हवा आत ओढली. श्यूप. आमच्याकडे 'हो' असंच म्हणतात. बोलायला तोंड उघडलं की ऊब वाया जाते.

दुसऱ्या दिवशी ती एव्हर्टकडे आली. आम्ही तिघे भाऊ बाकावर पडलो होतो.

"चढ कुठला?" एव्हर्टने विचारलं.

"कुबडाच्या डोंगराचा."

"बर्फ?"

"मांडीभर."

"आणि मागे..." एव्हर्ट थांबला.

मित्रांनो, तो का थांबला ते सांगायला हवं. मागे चाऱ्याच्या पोत्यांनी भरलेली घसरगाडी, म्हणजे स्लेज, असणार होती. जनावरामागे दिवसाला किती किलो लागतात, हे इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. म्हणजे पोती विचारली की कळप विचारला. आणि 'तुझ्याकडे जनावरं किती' हे आमच्याकडे विचारत नाहीत. सख्ख्या भावालाही विचारता येत नाही. ते विचारणं म्हणजे चारचौघांत बाईच्या पर्समध्ये हात घालणं.

"मागे आहे काहीतरी," रिस्तिन म्हणाली.

"हं. काहीतरी म्हणजे बरंच काहीतरी?"

"एव्हर्ट, कॉफी ओत."

एव्हर्टने कॉफी ओतली आणि विचार केला. ओझं थोडं धरावं, तर तिचा कळप थोडका मानल्याचा अपमान. जास्त धरावं, तर लोक म्हणणार याचा तिच्या कळपावर डोळा आहे. म्हणून त्याने मधला आकडा धरला. मधला आकडा शिष्टाचाराला उत्तम. चढाला तो कळत नाही. आमचं प्रत्येक भोक निम्मं भरून त्याने आम्हाला क्लचमध्ये बसवलं, आणि जाताना तिच्या हातात स्क्रूंची डबी आणि एक चावी ठेवली.

"इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठ हजारावर राहिला पाहिजे," तो म्हणाला. "खाली पडला तर वजन जास्त. वर पळाला तर कमी. आणि तिघांत फरक करायचा नाही. एकाला दिलं ते तिघांना द्यायचं, नाहीतर क्लच थरथरून फुटेल."

शुक्रवारी दुपारी आम्ही कुबडाच्या पायथ्याशी होतो. स्लेजवर ताडपत्री अशी घट्ट आवळलेली की आत पोती आहेत की पियानो, सांगता येऊ नये. रिस्तिनने अंगठ्याखालचा ॲक्सिलरेटर दाबला. आम्ही फेकले गेलो आणि आमच्या मधल्या आकड्याच्या इमानाने पट्टा ढकलला. काटा आठवर गेलाच नाही. सात, साडेसहा, सहा. पट्ट्याचा जळका वास आला आणि गाडी एका तृतीयांश चढावर पोटापर्यंत रुतली.

मला लाज वाटली का? नाही. मला जेवढं सांगितलं तेवढं मी केलं. पण एक कबूल करतो: आपण इतके जड का आहोत, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला. तो सगळ्याच वजनदारांना पडायला हवा.

वरून निल्लास आपल्या नव्या लाल गाडीवरून उतरत आला. चारा आपल्या जनावरांना टाकून परतत होता, म्हणून फारच दयाळू झाला होता.

"अर्धी पोती इथेच उतरव," तो म्हणाला. "दोन खेपा कर."

"उतरवली की तू मोजशील."

"मी कशाला मोजू? मी मदत करतोय!" असं म्हणत त्याने ताडपत्री नीट केल्यासारखी चार ठिकाणी दाबून बघितली.

"हात काढ."

"बरं, मग एव्हर्टला फोन लावतो. तो सांगेल स्क्रू किती काढायचे. फक्त ओझं किती ते..." निल्लास खोकला.

"विचार की," रिस्तिन म्हणाली. "तोंड उघड आणि स्पष्ट विचार. अध्यक्ष आहेस ना?"

निल्लासने डोंगराकडे बघितलं.

"दोन खेपांना अंधार पडेल," तो शेवटी पुटपुटला. "उद्या शनिवार. तू कबूल झाली होतीस."

रिस्तिनने झाकण उघडलं, पट्टा काढला, हातमोजा दातांत धरून चावी क्लचमध्ये घातली. बाहेर उणे सव्वीस होतं आणि मी तापलेल्या तव्यासारखा. तिची बोटं एका बाजूने गारठत होती, दुसऱ्या बाजूने भाजत होती. तिने माझा एक स्क्रू काढला. मग तोच माझ्या दोन्ही भावांचा. तीन स्क्रू जिभेवर ठेवण्याची चूक ती करणार नव्हती. ते डबीत गेले.

पट्टा, झाकण, अंगठा. काटा सातवर चढला, सव्वासात झाला आणि अडला. गाडी दोन हात सरकून पुन्हा बसली.

"झालं?" निल्लासने विचारलं.

"तू अजून इथेच आहेस?"

पुन्हा झाकण, पुन्हा पट्टा, पुन्हा तिघांचे स्क्रू. या वेळी वेगळ्या भोकातले. किती काढले आणि कुठून काढले, हे मी तुम्हाला सांगणार नाही. निल्लासही मान लांब करून बघत होता. तिने त्याच्याकडे पाठ केली. तिच्या अंगठ्याचं कातडं माझ्यावर चिकटून राहिलं. तिने शिवी दिली, ती इथल्या रेनडिअरवाल्यांच्या सामी भाषेतली होती आणि फारच सुंदर होती.

तिसऱ्या वेळी अंगठा दाबला तेव्हा मी ढकललं नाही, मी थांबलो. इंजिनाला बोलू दिलं. काटा साडेसातवर आला, पावणेआठ, आठ. आणि तिथेच राहिला. स्लेजने एक झटका खाल्ला, ताडपत्री फडफडली, आणि आम्ही सगळंच्या सगळं ओझं घेऊन, निल्लासच्या लाल गाडीवर बर्फाची पिचकारी मारत, कुबडाच्या माथ्यावर गेलो. एक पोतंही उतरवलं नाही.

वर तिने चाऱ्याच्या गोळ्यांची पोती फाडून डोंगरकडेला लांबच लांब ओळ घातली. जनावरं झुडपांतून निघाली. तिची निघाली तशी निल्लासची पोट भरलेली जनावरंही हावरटासारखी धावत आली आणि सगळा एकच घोळका झाला. निल्लास मागोमाग पोचला. मोजताना त्याचे ओठ हलायला लागले होते; घोळक्यात तिची कुठली नि आपली कुठली ते कळेना, तेव्हा थांबले.

जूनमध्ये पिल्लांच्या कानांना रिस्तिनची खूण पडली. ती खूण आजही आहे. मंडळाच्या भिंतीवर फोटो निल्लासचा लागला.

त्या हिवाळ्यानंतर अकरा हिवाळे मी चाललो. कौतुक कोणी केलं नाही. जिंकलेल्या गाडीचं कौतुक होतं, इंजिनाचं होतं, रंगाचंही होतं. क्लच उघडून कोणी 'शाबास' म्हणत नाही. मला त्याचं दुःख नाही. यंदा टोक झिजलं म्हणून रिस्तिनने आम्हा तिघांना एव्हर्टकडे दिलं आणि नवी वजनं करायला सांगितली. आम्ही बाकावर पडलो होतो, शेवटचे स्क्रू जसेच्या तसे अंगात घेऊन. एव्हर्टसारखा माणूस ग्रॅमवरून ओझं काढू शकतो, आणि ओझ्यावरून कळप.

परवा निल्लास आला.

"मला रिस्तिनसारखीच वजनं हवीत," तो म्हणाला. "अगदी तेवढ्याच ग्रॅमची. इथे आहेत ना जुनी? नुसती काट्यावर ठेव."

"काय म्हणालास?" एव्हर्टने बहिरा कान पुढे केला.

"काट्यावर! ठेव!"

"थांब, काटा आणतो."

एव्हर्ट आम्हाला मुठीत घेऊन आतल्या खोलीत गेला. त्याने डबी उघडली आणि आमची नऊच्या नऊ भोकं स्क्रूंनी ठासून भरली. अकरा वर्षांचं हलकेपण अर्ध्या मिनिटात गेलं. मग तो बाहेर आला, काटा निल्लासपुढे सरकवला आणि आम्हाला त्यावर टाकलं.

निल्लासने आकडा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. तेवढं वजन घालून कुबड चढता येत नाही, हे त्यालाही कळत होतं; पण खोटं म्हणायचं तर खरं किती ते विचारावं लागलं असतं.

"एवढी जड?" त्याने विचारलं.

एव्हर्टने हवा आत ओढली. श्यूप.

मित्रांनो, आपल्या जुन्या वस्तूंना तेल द्या, कोरड्या जागी ठेवा, भंगारात टाकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. पण त्यांना काट्यावर ठेवून त्यांच्या मालकिणीची गुपितं काढायला जाऊ नका. आम्ही वाटेल तेवढे जड होऊ.